गच्चीवरचं भांडं

गेल्या डिसेंबरातली नऊ तारीख, मंगळवार. जालन्यातल्या एका गच्चीवर मी सोलरच्या नळ्यांमधला क्षार काढत बसले होते. पुरुषभर लांबीची काचेची नळी मांडीवर आडवी घ्यायची, लांब दांड्याचा ब्रश आत घालायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. आमच्याकडच्या बोअरचं पाणी असं, की दोन हिवाळ्यांत नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरा थर बसतो. घरमालकीण शेजारी उभी राहून तो चुरा बघत होती.

"मॅडम, हेच पाणी आपण पितो का हो?"

"पितो. नळी घासता येते, पोट घासता येत नाही," मी म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला.

केदारखेड्याचे भगवानराव. महिन्यापूर्वीच त्यांच्या गच्चीवर मी दीडशे लिटरचा सोलर बसवला होता.

"ताई, नळ्या फुटून राह्यल्या."

फुटल्या असं म्हणाले नाहीत. फुटून राह्यल्या. म्हणजे काम अजून चालू होतं. त्यांच्या मागून मलाही एक आवाज ऐकू आला, लवंगी फटाका वाजावा तसा.

"अजून एक गेली," भगवानराव म्हणाले.

"आधी पाणी बंद करा. नळ्यांजवळ कोणी थांबू नका. काय केलंत तुम्ही?"

"मी कायबी केलं न्हाई ताई. धुतली फक्त."

मी ब्रश खाली ठेवला. "तुमची ज्योती कधी येणार आहे?"

"उद्या दुपारच्याला. विहीणबाई सोता घेऊन येऊन राह्यल्या." मग आवाज एकदम खाली गेला. "आता कसं व्हायचं ओ ताई?"

आता कसं व्हायचं, हे कळायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. फार वेळ लागत नाही.

मी लोकांच्या आंघोळीच्या पाण्याची सोय करते. सुरुवात एका एजन्सीत फोन घेण्यापासून झाली. फोनवर बायका प्रश्न विचारायच्या आणि फिटर लोक उत्तर द्यायचे की, मालक घरी असताना फोन करतो. मला त्याचा राग यायचा. पाणी तापवते बाई, सरपण आणते बाई, बादली उचलते बाई आणि बोलायचं मालकाशी? एक दिवस मीच जिना चढून गच्चीवर गेले. तेव्हापासून चढतेच आहे. आता एजन्सी माझी आहे, गुडघे मात्र पहिल्यासारखे राहिले नाहीत.

सोलरची रचना अशी. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून काचेच्या नळ्या तिरप्या मांडलेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. मोटार नाही, सरपण नाही. टाकीला जाड अस्तर असतं, म्हणून आज तापलेलं पाणी उद्या सकाळीही गरम मिळतं. पथ्य एकच. नळ्या उन्हात रिकाम्या ठेवायच्या नाहीत. रिकामी नळी आतून तव्यासारखी तापते. त्यात गार पाणी गेलं की संपलं. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाणी उडालं तर काय होतं, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही.

जालना जिल्ह्यात हे पथ्य पाळणं वाटतं तेवढं सोपं नाही. ऊन आमच्याकडे हवं त्यापेक्षा जास्त आहे. पाणी नाही. नळ येतो तेव्हा घरातला माणूस हातातलं जेवणाचं ताट सोडून उठतो आणि दिसेल ते भांडं भरून घेतो. हंडे, पिंप, पातेली, वाटल्यास पेलेसुद्धा. मग गच्चीवरची टाकी तरी रिकामी कशी ठेवायची? भर उन्हात तीही भरली जाते आणि मला फोन येतो. उन्हाळ्यात कोरड्या पडून राहिलेल्या किती टाक्या मी गच्च्यांवर बघितल्या असतील. त्या बघून वाईट वाटतं. विकताना पाण्याचं विचारायला हवं, हे आम्ही धंदेवाले फार उशिरा शिकलो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नामी भेटली. एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढे काम करणारे एक गृहस्थ होते. बायकोने सोलर बघायला बोलावलं तर म्हणाले, "मी दिवसभर भाजून घेतो मॅडम, घरी येऊन अजून गरम कशाला?" बायको आतून ओरडली, "तुमच्या अंगाचं ते काळं ऑइल गार पाण्यानं निघतं का? चादरी मी धुते!" सोलर बसला. संध्याकाळी सहाला पाणी सगळ्यात कडक असतं आणि ते सहालाच घरी येतात. आता गावभर तेच माझी जाहिरात करतात.

एका आजींनी मला कामाला लावलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, नळ सोडल्यावर गरम पाणी यायच्या आधी पाइपातलं अर्धी बादली गार पाणी वाहून जातं. आमच्या घरात पाणी मोजून मिळतं. हे नुकसान कुणाचं?" प्रश्न बरोबर होता. मी आठ दिवस विचार केला आणि उत्तर त्यांच्याच मोरीत सापडलं. विसण! कढत पाण्यात अंगाला सोसवेल इतकं गार पाणी मिसळतात, ते विसण. ते तरी वेगळं काढून ठेवावं लागतंच ना? मग पहिलं गार पाणी बादलीत धरा, तेच विसण म्हणून वापरा. आजी हसल्या. "हे आधी सांगायचं होतं. तू उगाच मला ते युनिट-युनिट करत बसलीस."

तेव्हापासून मी विजेचं गणित शेवटी सांगते. आधी विसण.

तर केदारखेडा. नोव्हेंबरात कौसल्याबाईंचा फोन आला. भगवानरावांची बायको. त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणात तांब्याचा बंब पेटलेला होता आणि त्या बंबापासून बऱ्याच लांब, ओसरीवर बसून त्या नवऱ्याला सूचना देत होत्या. सरपण म्हणजे पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या. त्या भसाभस पेटतात आणि भसाभस धूर करतात. तेवढ्या लांबूनही बाई पदर नाकाला लावून बोलत होत्या. वाक्य पुरं करायला त्यांना मधे थांबावं लागत होतं.

"भोकरदनच्या डॉक्टरनं सांगितलंय, धुरात गेल्या तर दवाखान्यातच ऱ्हावं लागंल. हे पानी तापवतेत. पन बाळंतिणीचं पानी बापानं तापवायचं का?"

लेक ज्योती अंबडला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बाळंतिणीला सव्वा महिना रोज सकाळी कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, बाळालाही. ज्योतीच्या सासूबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या होत्या, "तुमालाच धूर चालत न्हाई, लेकराला तर बिलकुल चालत न्हाई. राहू द्या तिला इथंच." त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. धुराने कोंदलेल्या घरात पंधरा दिवसांचं पोर कोण पाठवेल? गॅसवर रोज एवढं पाणी तापवणं परवडणारं नव्हतं. पाण्यात टाकायचा रॉड भगवानरावांनी आणून बघितला होता. सकाळी वीज कधी असे, कधी नसे आणि असली तरी रॉड कोमटाच्या पुढे जात नसे.

"मला बाकी काय नको," कौसल्याबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीला माझ्या हातानं न्हाऊ घालायचंय. धूर न होता पानी द्या."

इतकी नेमकी ऑर्डर मला आजवर कोणी दिलेली नाही.

भगवानराव मात्र खांबाला टेकून शंका काढत होते. "पन ताई, उन्हानं तापलेलं पानी अंगाला लागतं का? चुलीवरच्या पान्याची गोष्टच न्यारी."

"तुमच्या अंगाला जन्मभर शेतात ऊनच लागलं ना?" बायकोने विचारलं. "काय बिघडलं?"

"रंग बिघडला," मी म्हटलं. भगवानराव हसले आणि गच्चीचा जिना दाखवायला निघाले.

आम्ही सोलर बसवला. आम्ही म्हणजे मी आणि सलीमभाई, माझे जुने फिटर. पहिली टाकी भरून, पाइपातली माती-बिती निघावी म्हणून मी ती पूर्ण ओतून टाकली, तीही पहाटे, ऊन यायच्या आत. मग भगवानरावांना समोर उभं करून पथ्य सांगितलं. उन्हात रिकाम्या टाकीत पाणी भरायचं नाही. त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पुढे ज्योती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, बारसं अंबडलाच झालं आणि विहीणबाईंनी निरोप पाठवला: बुधवारी घेऊन येते, पाण्याची सोय डोळ्यांनी बघते, पटली तर ठेवते.

आणि मंगळवारी भर दुपारी भगवानरावांनी टाकी धुतली.

फोन ठेवून मी आधी सलीमभाईंना गाठलं. त्यांचा टेम्पो गॅरेजमध्ये उघडा पडलेला होता.

"मॅडम, इंजन खाली उतरा है. आज न्हाई व्हनार."

"मग बसने जाऊ."

"बस में? काच की नळियां लेके?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हात पुसले. "चलो. आप मानने वाले तो है नहीं."

दुकानातून मोजून नव्हे, जितक्या शिल्लक होत्या तितक्या नळ्या घेतल्या. दोन लांबलचक खोकी. जालना बसस्थानकात भोकरदनची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर दारात आडवा.

"काय हाये ह्यात?"

"काच."

"काच गाडीत चालत न्हाई."

"दादा, एक बाळंतीण उद्या माहेरी येतीये. ह्या नळ्या गेल्या नाहीत तर तिला आंघोळीला गरम पाणी मिळणार नाही."

कंडक्टरने खोक्याकडे, मग माझ्याकडे संशयाने बघितलं. "नळ्यांचा अन् बाळंतिणीचा काय संबंध?"

मी दारातच सोलर समजावून सांगितला. माझा आवाज तसाही मोठा आहे. अर्धी बस ऐकत होती. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "अरे चढू दे रे तिला! तुझ्या मायनं काय गार पान्यानं न्हाऊन तुला काढलं का?" गाडी हसली. कंडक्टर बाजूला झाला.

खोकी मधल्या वाटेत ठेवली असती तर पहिल्याच खड्ड्यात खुळखुळा झाला असता. मागच्या सीटवरच्या पाच बायकांनी ती आपल्या मांड्यांवर आडवी घेतली. रस्ता जिथे खराब तिथे पाचही जणी एकदम खोकी वर उचलायच्या आणि खड्डा गेला की एकदम खाली ठेवायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं. राजूरपर्यंत त्यांची लय अशी बसली की मला मधे हात लावायची गरज उरली नाही. सलीमभाई दांड्याला लटकून म्हणाले, "मॅडम, अपने फिटर लोग ऐसे कभी नहीं पकडते."

एकही नळी फुटली नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली डिलिव्हरी एसटीने झाली.

केदारखेड्याला उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अंगणात शिरले तर कौसल्याबाई पऱ्हाट्यांची मोळी ओढत बंबाकडे निघालेल्या. धाप लागलेली, चेहरा लाल.

"ठेवा ती," मी म्हटलं.

"उद्या मीच पेटवते ताई. दम लागला तर लागू दे. लेक तर येईल."

"पेटवा. उद्या विहीणबाईंना वेशीवरूनच धूर दिसेल. त्या पायरीही चढणार नाहीत. तिथूनच पोरीला घेऊन माघारी जातील."

मोळी हातातून सुटली. मग सगळा राग नवऱ्याकडे वळला. "धा जनांच्या पाया पडून मी ती टाकी आनली अन् ह्या मानसानं एका दुपारी विसळली!"

भगवानराव गच्चीवर काचा वेचत बसले होते. बोटाला चिंधी गुंडाळलेली. मला बघून उठलेसुद्धा नाहीत.

"मी काय सांगितलं होतं?"

"उन्हात रिकाम्या टाकीत पानी भरायचं न्हाई." शब्दन् शब्द पाठ होतं. "मी भरलं न्हाई ताई. सकाळी टाकी खाली केली, नळ्या बी एकेक काढून वतल्या अन् परत लावल्या, दुपारी लाइट आली तवा मोटार लावून विसळायला घेतली. विसळायचं अन् सोडून द्यायचं. भरायचं तर संध्याकाळीच व्हतं."

"पण विसळायची कशाला? महिनाभर तुम्ही त्याच पाण्याने आंघोळ केली ना?"

"आमची गोष्ट येगळी. उद्या बाळंतीण येनार. कारखान्याचं भांडं, कोनी कुठं हात लावलेला. नवा तांब्या तरी आपुन चिंच-राखेनं घासल्याबिगर वापरतो का?"

मी एक काच उचलून बाजूला ठेवली. माझ्या आईने हेच केलं असतं. तिने तर राखही टाकली असती. माझ्या पथ्यात भरणं होतं, धुणं नव्हतं आणि आमच्या भागात नवं भांडं धुतल्याशिवाय बाळंतिणीपुढे कोणी ठेवत नाही. कंपनीने टाकीवर सूचना छापली होती खरी, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"उठा," मी म्हटलं. "साबणाचं पाणी आणा. आणि घरातली जुनी लुगडी."

पंधरापैकी चार नळ्या शाबूत होत्या. बाकीच्या जागा रिकाम्या, दात पडलेल्या तोंडासारख्या. सलीमभाईंनी टाकीच्या भोकांतले काचेचे तुकडे चिमट्याने काढले, मी रबरी कड्या साबणाच्या पाण्यात बुडवून दिल्या. नळी कडीत घालताना दाबायची नसते, बांगडी भरतात तशी फिरवत सरकवायची. कौसल्याबाई खालून विचारत होत्या, "बसली का?" आणि दर नळीला सलीमभाई ओरडत होते, "बैठ गयी आपा!" दिवेलागणीपर्यंत पंधराच्या पंधरा उभ्या राहिल्या. नळ्या गार पडल्याची हाताने खात्री केली आणि मग पाणी सोडलं. सगळे कान लावून उभे. एकही आवाज झाला नाही.

टाकी अर्धी झाली तसा मी कॉक बंद केला.

"अजून भरा की," भगवानराव म्हणाले.

"नको. उद्या दुपारपर्यंतचंच ऊन आपल्याला मिळणार. एवढ्या उन्हात भरलेली टाकी कोमट होईल, अर्धी टाकी कढत होईल. चार माणसांचा स्वयंपाक आठ जणांना वाढायचा नाही."

टाकीचा गरम पाण्याचा नळ खालच्या अंगाला होता, म्हणून हे जमण्यासारखं होतं. सलीमभाई शेवटच्या गाडीने परतले. मी राहिले. घरी फोन लावला. "आज येत नाही, भात लावून घ्या." नवऱ्याने विचारलं, पाणी किती घालू. मी म्हटलं, बोटाचं एक पेर आणि फोन ठेवून दिला.

सकाळी उठून बघते तर धुकं. पूर्णा नदीवरून असं धुकं येतं हे मला माहीत नव्हतं. शेजारचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं, सूर्य तर दूरच. मी गच्चीवर, भगवानराव गच्चीवर, कौसल्याबाई जिन्याच्या पायरीवर. तिघांनीही पूर्वेकडे तोंड केलेलं. शेजारच्या गच्चीवरून एकजण ओरडला, "काय भगवानराव, इमान येनार का?"

"जावयाच्या घरून येऊन राह्यलंय," भगवानराव म्हणाले.

साडेनऊच्या सुमारास धुकं विरळलं आणि एकदम स्वच्छ ऊन पडलं. हिवाळ्याचं, धारदार. मी नळ्यांवरचं दव लुगड्याने पुसून काढलं, तेवढाही अडथळा नको. मग दर थोड्या वेळाने टाकीच्या पाइपाला हात लावायचा, हाच उद्योग. अकराला पाइप हाताइतका गरम. बाराला चहाच्या कपाइतका. एकला मी हात लावला आणि पटकन काढून घेतला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी गच्चीवरून ओरडले, "कौसल्याबाई, आलं!" सोळा वर्षं मी पाणी तापताना बघते आहे, पण असं कधी ओरडले नव्हते.

तीनच्या सुमारास जीप दारात थांबली. ज्योती उतरली, कानाला रुमाल बांधलेली. मागून विहीणबाई, कुशीत दुपट्यात गुंडाळलेली नात. उंच, ताठ बाई. कौसल्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. विहीणबाईंनी नात ज्योतीकडे दिली आणि उंबऱ्यातच विचारलं, "कुठं हाये ते उन्हाचं पानी?"

"बसा तरी, च्या घ्या," कौसल्याबाई म्हणाल्या.

"च्या मंग. विहीणबाई, मला तुमच्याशी भांडायचं न्हाई. लेकराची काळजी हाये. आधी पानी दाखवा."

सगळी वरात न्हाणीघरात. जागा दोघींची, माणसं सहा. विहीणबाईंनी बांगड्या मागे सारल्या, नळ सोडला आणि हात खाली धरला.

"हे तर गार हाये."

कौसल्याबाईंनी भिंतीला हात टेकला. ज्योतीने बाळाला आणखी घट्ट धरलं. भगवानराव माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरचा रंग खरंच बिघडला होता.

मी कोपऱ्यातली रिकामी बादली पायाने नळाखाली सरकवली. "हात काढू नका, बाई. हे पाइपातलं पाणी. ऊन पाणी मागून येतंय."

पाणी पडत राहिलं. विहीणबाईंचा हात धारेखाली तसाच. मग त्यांची भुवई हलली. मग बोटं मिटली. मग "अगं आई!" करून त्यांनी हात एकदम मागे घेतला आणि पदरात धरला. न्हाणीघरात वाफ चढली. धुराशिवायची, नुसती वाफ.

त्यांनी हाताकडे बघितलं, नळाकडे बघितलं आणि सुनेकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "ह्याला तर विसण लागंल."

"बादलीत धरलंय ना," मी म्हटलं.

पाणी गार असतं तर विसणाचं नाव कोण काढतं? कौसल्याबाईंना ते माझ्याआधी कळलं. त्या बाहेर गेल्या आणि चुलत्या-पुतण्यांच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "च्या टाका! ज्योती ऱ्हायली!" एका दमात म्हणाल्या, मधे न थांबता.

विहीणबाई संध्याकाळी त्याच जीपने अंबडला परतल्या. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या घराला पत्रे हैत. पत्र्यावर बसतं का हे?" मी म्हटलं, टाकीखाली लोखंडी घोडा करून बसवू. त्यांच्याच जीपमधून मी राजूरपर्यंत आले आणि पुढे बसने घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात खिडकीच्या गजांना लावून उरलेला लाल ऑइलपेंटचा डबा शोधला, एक ब्रश घेतला आणि पहिल्या गाडीने पुन्हा केदारखेड्याला गेले. भगवानराव गच्चीच्या जिन्यात पहारा देत बसले होते. खालच्या न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. बाळ टाहो फोडत होतं आणि कौसल्याबाई त्याच्यावर मोठ्याने ओरडत होत्या, "रड, रड! अजून एक तांब्या हाये!"

मी टाकीची पाठ फडक्याने पुसली आणि वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं:

हे भांडं धुतलेलं आहे.

भगवानरावांनी मागे उभं राहून एकेक शब्द वाचला. "कोनी धुतलं?"

"मी. बसवलं त्याच पहाटे. पहिली टाकी ओतून दिली नव्हती का तुमच्यासमोर?"

त्यांनी आठवून बघितलं. "मंग ठीक हाये," ते म्हणाले आणि रंगाचा डबा माझ्या हातातून घेऊन, खणखणीत आवाजात, खाली न्हाणीघराला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा वाचलं.